भिडणं आणि मारणं: डाव्यांच्या घरातलं एक जुनं भांडण

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पुतण्या रात्रीच्या गाडीने पुण्याहून बांद्याला आला. सकाळी गणपतीच्या वरची फळापानांची माटवी बांधायला स्टुलावर चढला, तेव्हा त्याच्या काळ्या टी-शर्टाच्या पाठीवर एक गोल दिसला. आत दोन झेंडे, एक लाल, एक काळा. खालून कवंडळं आणि सुपारीचे घोस त्याच्या हातात देता देता आई त्या गोलाकडे बघत होती.

"ह्यो बावटो खंयच्या पक्षाचो रे?"

"पक्ष नाही आजी. अँटिफा."

"खंयची आंटी?"

पोर हसून स्टुलावरून पडायचंच बाकी राहिलं. पण रात्री आरत्या आटपल्यावर पडवीत बसलो तेव्हा कळलं, प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यांच्या अभ्यासगटात फूट पडली होती. धर्माच्या नावावर विष ओकणाऱ्या एका वक्त्याचं भाषण ठरलेलं. निम्म्या पोरांचं म्हणणं, सभागृह अडवायचं, माईक बंद पाडायचा, वेळ आली तर दोन हात करायचे. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, समोर बसून प्रश्न विचारायचे, बाहेर निदर्शनं करायची, हात उचलायचा नाही. भाषण झालं, वक्ता निघून गेला, आणि हा व त्याचा जिवाभावाचा मित्र तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत.

हे भांडण शंभर वर्षांचं आहे. मी स्वतः समाजवाद्यांच्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत गाणी म्हणत वाढलो, त्यामुळे माझा कल कुठे असेल ते ओळखायला ज्योतिषी लागणार नाही. तरीही दोन्ही बाजू जशा आहेत तशा मांडून बघतो.

आधी त्या गोलाचं. 'अँटिफा' हे 'अँटिफॅसिस्ट'चं लघुरूप. अध्यक्ष, कचेरी, पावतीपुस्तक असलेली एक संघटना या नावाने अस्तित्वात नाही. ठिकठिकाणचे छोटे गट हे नाव आणि ही खूण वापरतात. खूण जन्मली १९३२ साली बर्लिनमध्ये, जर्मन कम्युनिस्ट पक्षाने काढलेल्या 'अँटिफॅशिस्टिश अक्शन' नावाच्या मोहिमेसाठी. तेव्हा दोन्ही झेंडे लाल होते: कम्युनिस्ट आणि समाजवादी कामगारांनी एकत्र यावं म्हणून. काळा झेंडा पुढे अराजकवादी, म्हणजे कुठलंच सरकार नको म्हणणाऱ्या मंडळींनी आणला. गंमत अशी की एकीची ही खूण काढणारा पक्षच त्या काळात समाजवादी पुढाऱ्यांना 'सोशल फॅसिस्ट' म्हणत होता. म्हणजे बावटा जोडीचा आणि तोंडात शिवी. भांडणाचं बी त्या चित्रातच आहे.

फॅसिझम हा शब्द इटालियन 'फाशो'वरून आला. फाशो म्हणजे जुडी, मोळी. १९१९ साली मिलानमध्ये मुसोलिनीने आपली मोळी बांधली. हा गडी १९१४ पर्यंत समाजवादी पक्षाच्या दैनिकाचा संपादक होता, हे आमच्याकडे फारसं कुणी सांगत नाही. त्याच्या काळ्या डगल्यातल्या टोळ्या ट्रकमध्ये बसून गावोगाव फिरायच्या, कामगारांच्या कचेऱ्या जाळायच्या, शेतमजुरांच्या पुढाऱ्यांना एरंडेल पाजून रस्त्यावर सोडायच्या. पोलीस बहुधा दुसरीकडे बघत असत.

अशा वेळी काय करायचं? १९२१ च्या उन्हाळ्यात इटलीत 'आर्दिती देल पोपोलो' नावाची पथकं उभी राहिली. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक, त्यांत समाजवादी, कम्युनिस्ट, अराजकवादी, सगळे. त्यांचा विचार साधा: टोळी मारायला आली की परतवून लावायची. आणि डाव्या पक्षांनी काय केलं? समाजवाद्यांनी त्याच ऑगस्टमध्ये फॅसिस्टांशी शांततेचा करार केला. कम्युनिस्टांच्या पुढाऱ्यांनी आपल्या लोकांना बजावलं की या मिश्र पथकांत जाऊ नका, पक्षाच्या शिस्तीबाहेर लढायचं नाही. करार काही महिन्यांत मोडला आणि पथकं एकटी पडली.

तरीही ऑगस्ट १९२२ मध्ये पार्मा शहरात एक चमत्कार घडला. फॅसिस्ट पुढारी इतालो बाल्बो हजारो काळे डगलेवाले घेऊन आला. नदीपलीकडच्या गरीब वस्तीत ग्वीदो पिचेल्ली याच्या हाताखाली लोकांनी फरसबंदीचे दगड उपटून रस्ते बंद केले, खंदक खणले, आणि काही दिवस झुंजून बाल्बोला रिकाम्या हाताने परत पाठवलं. आजही भिडणारी मंडळी पार्माचं नाव अभिमानाने घेतात. त्यांचं मुख्य म्हणणं इथूनच निघतं: फॅसिझम लहान असतो तेव्हाच तो ठेचता येतो, मोठा झाल्यावर न्यायालय, वर्तमानपत्र, निवडणूक, काहीच हाती राहत नाही. विंचवाचं पिल्लू दिसलं की आपण त्याच्याशी चर्चा करत बसत नाही, असं आमच्या पुतण्याने त्याचं भाषांतर केलं.

पण पार्मानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १९२२ मध्ये, मुसोलिनी पंतप्रधान झाला. रस्त्यावरची लढाई जिंकून नव्हे, राजाने बोलावून सत्ता दिली म्हणून. उद्योगपती, जमीनदार, लष्कर आणि राजवाडा यांनी मनात आणलं तर एका वस्तीच्या शौर्याने काय अडणार होतं? १९२३ साली क्लारा झेटकिन या जर्मन कम्युनिस्ट बाईने फार लवकर ओळखलं की फॅसिझम म्हणजे नुसती गुंडांची टोळी नव्हे. त्याच्यामागे निराश झालेली, भुकेली, समाजवादावरचा विश्वास उडालेली माणसं आहेत. स्वसंरक्षण हवंच, पण एवढ्याने भागणार नाही, ती माणसं मनाने परत आणावी लागतील, असं तिने मांडलं. मला विचाराल तर या भांडणात पुढे जे काही लिहिलं गेलं त्यातलं निम्मं तिच्या त्या मांडणीची लांबण आहे.

जर्मनीत हे प्रकरण आणखी कडवट झालं. १ मे १९२९ ला बर्लिनमध्ये मनाई मोडून कम्युनिस्टांनी मे दिनाचा मोर्चा काढला. शहराचा पोलीसप्रमुख समाजवादी पक्षाचा. त्याच्या पोलिसांच्या गोळीबारात तीसहून जास्त माणसं मेली. त्यानंतर 'आपण दोघे मिळून नाझींना अडवू' असं म्हणायला कुणाची जीभ वळणार? १७ जुलै १९३२ ला हॅम्बुर्गजवळच्या आल्टोना या कामगार वस्तीत नाझी मुद्दाम मोर्चा घेऊन शिरले. चकमक उडाली, १८ जण गेले, बहुतेक पोलिसांच्या गोळ्यांनी. तीनच दिवसांत चॅन्सेलर पापेनने 'कायदा-सुव्यवस्था ढासळली' म्हणत, आल्टोना ज्यात होतं त्या प्रशिया प्रांताचं समाजवादी सरकार बरखास्त केलं. हात न उचलणारे याच प्रसंगावर बोट ठेवतात: मारामारी दोघांनी केली, बिल मात्र एकाच्याच नावावर फाटलं.

आता नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीचा आकडा बघा. नाझींना ३३.१ टक्के. समाजवादी २०.४, कम्युनिस्ट १६.९. दोन्ही डाव्यांची बेरीज ३७.३. बेरीज नाझींपेक्षा मोठी होती आणि ती कधी झालीच नाही. दोघांकडे स्वतःची लढाऊ पथकं होती, सभा होत्या, वर्तमानपत्रं होती. मुठी कमी पडल्या असं म्हणता येत नाही आणि मतंही कमी पडली असं म्हणता येत नाही. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला, तेव्हा दोघांचेही कार्यकर्ते एकाच छळछावणीत जाऊन भेटले.

लंडनची गोष्ट मला सगळ्यांत बोलकी वाटते, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. ४ ऑक्टोबर १९३६, रविवार. ब्रिटिश फॅसिस्टांचा पुढारी ऑस्वल्ड मोस्ली आपल्या काळ्या डगलेवाल्यांचा मोर्चा पूर्व लंडनच्या ज्यू वस्तीतून नेणार होता. मजूर पक्षाने सांगितलं, घरात थांबा, त्याला महत्त्व देऊ नका. ज्यू समाजाच्या प्रतिष्ठित मंडळींनीही तेच सांगितलं. खुद्द कम्युनिस्ट पक्षाने त्या दिवशी स्पेनमध्ये फॅसिस्टांशी लढणाऱ्यांच्या पाठिंब्यासाठी दुसरीकडे सभा ठेवली होती. स्थानिक कार्यकर्ते ओरडले तेव्हा कुठे पक्षाने दिशा बदलली. लोक मात्र कुणाची वाट न बघता उतरले. केबल स्ट्रीटवर लॉरी आडवी टाकली, पोलिसांच्या घोड्यांच्या खुरांखाली गोट्या ओतल्या, आणि माडीवरच्या बायकांनी रात्रीची मूत्रपात्रं खिडकीतून पोलिसांच्या डोक्यावर रिकामी केली. शेवटी पोलिसांनीच मोस्लीला मागे फिरवलं. लढाई झाली ती मुख्यतः पोलिसांशी, फॅसिस्टांशी फारशी नव्हेच, हे विसरलं जातं.

पुढे काय झालं? आठवड्याभरात त्याच भागात ज्यूंची दुकानं फोडली गेली. पाच महिन्यांनी झालेल्या स्थानिक निवडणुकीत मोस्लीच्या पक्षाला बेथनल ग्रीनच्या एका मतदारसंघात २३ टक्के मतं पडली. सरकारने कायदा करून राजकीय गणवेशांवर बंदी घातली, मोर्चांना मनाई करायचा अधिकार पोलिसांना दिला, आणि तोच कायदा नंतर डाव्यांच्या मोर्चांवरही चालवला. दुसरीकडे, घाबरून दारं लावून बसलेल्या वस्तीला आपण एकटे नाही हे त्या दिवशी कळलं. ते टक्केवारीत मोजता येत नाही.

मग त्याच वस्तीतल्या कम्युनिस्टांत वाद पेटला. जो जेकब्स नावाचा कार्यकर्ता म्हणत होता, मोस्लीला रस्त्यावर जागाच द्यायची नाही, प्रत्येक सभेला आडवं जायचं. फिल पिराटिन म्हणत होता, मोस्लीच्या मोर्चात चालणारे आपल्याच चाळींतले गरीब कामगार आहेत, ते तिकडे का गेले ते बघा. पिराटिनने लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. एका चाळीत दोन कुटुंबांना घरमालक बाहेर काढत होता, आणि दोन्ही कुटुंबं मोस्लीच्या पक्षाची सभासद. पक्षाने त्यांच्यासाठी बोट हलवलं नाही. कम्युनिस्टांनी शेजाऱ्यांना जमवून जिने अडवले, बेलिफाला वर येऊ दिलं नाही, घरं वाचवली. त्या लोकांनी मोस्लीची सभासदपत्रं फाडून टाकली. जेकब्स पुढे पक्षाबाहेर फेकला गेला, पिराटिन १९४५ मध्ये खासदार झाला. मात्र पिराटिन स्वतः केबल स्ट्रीटला अडथळे उभारणाऱ्यांतही होता. म्हणजे 'एक मवाळ, एक जहाल' असा हिशोब इथे जमत नाही.

इथवर आल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे काय?"

आपल्याकडे? अरे, आपण बसलोय त्या पडवीपासून गाडीने दहा मिनिटांवर १९६१ पर्यंत सालाझारचं राज्य होतं.

पोर्तुगालच्या सालाझारला फॅसिस्ट म्हणावं की नुसता हुकूमशहा, यावर अभ्यासक अजून खल करतात. एकच पक्ष, गुप्त पोलीस, सेन्सॉर. गोव्यात सभेला परवानगी लागायची आणि लग्नपत्रिकाही सेन्सॉरकडून तपासून घ्यावी लागे, असं त्या काळातली माणसं सांगत. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहिया मडगावच्या सभेत उभे राहिले ते याच मनाईविरुद्ध. त्याच वर्षी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा या डाव्या विचाराच्या गोमंतकीय नेत्याला लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडलं.

इथेही दोन वाटा पडल्या. १९४७ मध्ये विश्वनाथ लवंदे वगैरे तरुणांनी आझाद गोमंतक दल काढलं. पोलीस चौक्यांवर हल्ले, शस्त्रं पळवणं. त्यांचा युक्तिवाद पार्मावाल्यांसारखाच: इंग्रजाला निदान वर्तमानपत्राची, पार्लमेंटची लाज होती, सालाझारला कसली लाज? दुसरी वाट सत्याग्रहाची. १९५५ च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट तुकडी घेऊन हद्दीत शिरले, जुलैमध्ये मधू लिमये. मार खाल्ला, लांबलचक शिक्षा झाल्या. या सत्याग्रहात समाजवादी, कम्युनिस्ट आणि जनसंघाचे जगन्नाथराव जोशी असे सगळेच होते. आज एकमेकांना फॅसिस्ट आणि देशद्रोही म्हणणाऱ्यांचे पूर्वज तेव्हा सालाझारच्या एकाच तुरुंगात होते. हे वाक्य कुठल्याच बाजूला आवडत नाही, असा माझा अनुभव आहे.

१५ ऑगस्ट १९५५. धो धो पावसाचे दिवस. देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही निरनिराळ्या ठिकाणांहून हद्द ओलांडणार होते. आमच्या बाजूने वाट बांद्यावरून हद्दीवरच्या पत्रादेवीला. माझी आजी सांगायची की आदल्या रात्री घराघरांतून भात रांधला होता. भाषा कळत नव्हती, कुणी हिंदी बोलत होतं, कुणी पंजाबी, पण "लोणच्याक सगळ्यांनी हात लायलो." दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या. पंजाबचा कर्नेलसिंग बेनिपाल पत्रादेवीला पडला, सागरच्या सहोदराबाई राय जखमी झाल्या. सगळीकडचे मिळून वीसहून अधिक जण गेले. नेहरूंच्या सरकारने त्यानंतर सत्याग्रहींना हद्द ओलांडायला बंदी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोहन रानडे बेतीच्या चौकीवर हल्ला करताना जखमी होऊन पकडले गेले. गोवा सुटला तरी ते सुटले नाहीत, थेट १९६९ मध्ये लिस्बनच्या तुरुंगातून बाहेर आले. आणि गोवा सुटला तो डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय लष्कर आत गेल्यावर, जेमतेम दोन दिवसांत.

मग कुणाची वाट बरोबर ठरली? सत्याग्रहाची म्हणावी तर लष्कर कशाला लागलं? बंदुकीची म्हणावी तर दलाच्या मूठभर बंदुकांनी गोव्यातला एक तालुकाही सुटला नव्हता. मला वाटतं, प्रश्नच चुकीच्या जागी ठेवलाय. पत्रादेवीला निघालेली माणसं भिडायलाच निघाली होती, समोर बंदूक आहे हे माहीत असून. भिडणं आणि मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डाव्यांची निम्मी भांडणं या दोन शब्दांची गल्लत केल्यामुळे होतात. आडवं जाणाऱ्याला हिंसक ठरवतात आणि हात न उचलणाऱ्याला घाबरट.

याचं सगळ्यांत नेमकं उदाहरण कोकणातलंच आहे. महाड, २० मार्च १९२७. सकाळी बाबासाहेबांच्या मागे परिषदेचे लोक शिस्तीत चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले, मंडपात परतले. मग गावात आवई उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मंडपात घुसला. परत जायच्या तयारीत लोक जेवत होते. पानातलं अन्न मातीत मिसळलं. गावात पांगलेल्यांना गाठून मारलं, काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. बाबासाहेब होते त्या बंगल्याभोवती संतापलेली माणसं जमली. त्यांत लष्करातून निवृत्त झालेले महार सैनिक होते. मार कसा द्यायचा हे त्यांना शिकवावं लागणार नव्हतं. ते एका शब्दाची वाट बघत होते.

तो शब्द आला नाही. का, ते नीट बघा. महाडात त्या दिवशी आपली संख्या मोठी होती, पण दुसऱ्या दिवशी हीच माणसं आपापल्या गावी परतणार. तिथे महारवाड्यात घरं किती? गावोगाव निरोप गेलेच होते की परतणाऱ्यांना धडा शिकवा, आणि कित्येकांनी वाटेत मार खाल्लाही. महाडात फोडलेल्या एका डोक्याचं व्याज गावातल्या म्हातारीने आणि पोराने फेडायचं होतं. बाबासाहेबांनी पोलिसांत तक्रारी केल्या, खटले चालले, हल्लेखोरांतल्या काहींना सक्तमजुरी झाली. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, लोक तळ्यावर जायला आतुर होते. न्यायालयाचा मनाई हुकूम आला होता, तेव्हा त्यांनी लोकांना समजावून तळ्याचा बेत मागे घ्यायला लावला, आणि मनुस्मृती मात्र जाळली. अनेक तरुण तेव्हा नाराज झाले. तळ्याचा हक्काचा दावा हायकोर्टात जिंकायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं. आजच्या पोरांना दहा मिनिटं जास्त वाटतात, आणि त्यात त्यांची चूक आहे असंही मी म्हणणार नाही. पाणी रोज लागतं.

याचा अर्थ बाबासाहेबांनी मार खात राहा असं सांगितलं का? नाही. सभांच्या संरक्षणासाठी समता सैनिक दल याच काळात उभं राहिलं. आणि महाडची परिषद घडवून आणणाऱ्यांतले रामचंद्र बाबाजी मोरे पुढे १९३० मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेले. त्यामुळे हा वारसा डाव्यांना परका नाही, विसरलेला असेल.

गिरणगावाचं थोडक्यात सांगतो, कारण ते दुखणं आमच्या घरातलं आहे. लालबाग-परळला कोकणातले चाकरमानी. एकाच खोलीत थोरला भाऊ लाल बावट्याचा आणि धाकटा शिवसेनेचा, अशी घरं मी पाहिली आहेत. ५ जून १९७० ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आरोप शिवसैनिकांवर आला. देसाई स्वतः मारामारीला न डरणारे, पोरं जमवणारे. पक्षाने बदल्याचा रस्ता न धरता पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना उभं केलं. त्या ऑक्टोबरात पडल्या, आणि वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. 'तेव्हाच जशास तसं केलं असतं तर' असं म्हणणारे म्हातारे कॉम्रेड मला भेटले आहेत. माझं मत वेगळं. लढाई तोवर चाळीतच हरली होती. धाकट्या भावाला नोकरीचा अर्ज कुणी लिहून दिला, मयताला खांदा द्यायला कोण आलं, गणपतीच्या मंडपात कोण राबलं, या प्रश्नांची उत्तरं बदलली होती. पिराटिनला हे कळलं असतं.

आताचा वाद अमेरिकेतून पेटला. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिल या गावात गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी मोर्चा काढला. एकाने विरोधकांच्या गर्दीत गाडी घातली, हेदर हायर ही तरुणी मेली. तिथे पाद्र्यांबरोबर उभे असलेले कृष्णवर्णीय विचारवंत कॉर्नेल वेस्ट म्हणाले की अराजकवादी आणि अँटिफावाले नसते तर आम्ही चिरडले गेलो असतो. त्याच सुमारास अमेरिकन विचारवंत नोम चॉम्स्की म्हणाले की अँटिफा ही उजव्यांना मिळालेली मोठी भेट आहे. दोघेही डावे, दोघेही प्रामाणिक. मला दोघांच्या बोलण्यात विरोध दिसत नाही: एक जण त्या दुपारबद्दल बोलतोय, दुसरा पुढच्या पाच वर्षांबद्दल.

आकडेवारी मागणाऱ्यांसाठी एरिका चेनोवेथ आणि मारिया स्टीफन यांचा अभ्यास आहे. १९०० ते २००६ मधल्या ३२३ मोहिमा तपासल्या. अहिंसक मोहिमा ५३ टक्के वेळा यशस्वी, हिंसक २६ टक्के. कारणही पटण्यासारखं आहे: अहिंसक आंदोलनात म्हातारी, लेकुरवाळी, नोकरदार असे सगळे येऊ शकतात, दगड मारायला मोजकीच तरणी पोरं येतात. पण हा अभ्यास राजवट उलथवण्याच्या किंवा परका ताबा हटवण्याच्या मोहिमांचा आहे. गल्लीत मारायला आलेल्या टोळीचं काय करायचं, हे त्यात नाही. चर्चेत हा आकडा तलवारीसारखा फिरवणाऱ्यांनी एवढं तरी सांगावं.

मधली वाट दाखवणारं एक ठिकाण म्हणजे जर्मनीतलं ड्रेस्डेन. तिथे दर फेब्रुवारीत नवनाझी मोठा मोर्चा काढायचे. १३ फेब्रुवारी २०१० ला हजारो लोक थंडीत रस्त्यांवर ठिय्या देऊन बसले: कामगार संघटना, चर्चची माणसं, डावे पक्ष, तोंड झाकणारे तरुणसुद्धा. आम्ही अडवणार, पण कुणावर हल्ला करणार नाही, हे आधी जाहीर केलेलं. मोर्चा निघू शकला नाही. आपल्या भाषेत हा रास्ता रोको. कोकणच्या माणसाला नवल वाटू नये. चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून हेच केलं होतं, पोटाला चिमटा काढून.

काही वाद मात्र असे मिटत नाहीत, आणि मिटवल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. दुकानाची काच फोडणं हिंसा का? तोंड झाकलेल्या माणसाने दगड मारला तर तो आपला की पोलिसांनी घुसवलेला, हे कसं ओळखायचं? २००८ मध्ये अमेरिकेत सेंट पॉलला निदर्शनांसाठी जमलेल्या गटांनी ठरवलं होतं की प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने लढावं, जाहीरपणे एकमेकांची निंदा करू नये. ऐकायला उदार. पण ज्या मोर्चात कुणाची आई चालतेय त्याच मोर्चातून दुसरा दगड मारणार असेल, तर त्या आईला कुणी विचारलं? आणि ज्याच्याकडे कागदपत्रं नाहीत, अटक झाली तर नोकरी जाईल, त्याच्या वतीने धाडस करण्याचा हक्क हॉस्टेलवर राहणाऱ्याला कुणी दिला? उलट बाजूने, ज्याच्या दारावर रोज टोळी येते त्याला 'संयम ठेव' असा सल्ला दूरच्या शहरातून देणाऱ्याचं तरी काय जातं?

"मग तुम्ही असतात तर सभागृहात काय केलं असतंत?" पुतण्याने शेवटी विचारलंच.

मी म्हटलं, दारात ठिय्या मारला असता. हात उचलला नसता. पण त्याआधी सभागृहाच्या वॉचमनला आणि समोरच्या चहावाल्याला विचारलं असतं, तुम्ही भाषण ऐकायला जाणार आहात का आणि का जाणार आहात.

"आम्ही त्यांना विचारलं नाही," तो म्हणाला. "दोन्ही गटांनी."

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे पत्रादेवीला गेलो. स्मारकाशी चिटपाखरू नव्हतं, हायवेवर गोव्याकडे गाड्या सुसाट चाललेल्या. त्याने फोटो काढला आणि बराच वेळ फोनवर काहीतरी लिहीत, खोडत बसला. न बोलणाऱ्या त्या मित्राला पाठवला, असं नंतर कळलं. परत येताना नाक्यावर दारूसाठी तपासणी चालू होती. शिपायाने डिकी उघडायला लावली. आत पाच नारळ आणि गणपतीचा रिकामा पाट. पुतण्याचं तिकडे लक्ष नव्हतं. मेसेजखाली दोन निळ्या खुणा आल्या होत्या, उत्तर अजून आलं नव्हतं.